चाळीस रोपांचा वाफा

"मेलेली रोपं?" मोजणीवाल्या बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"शून्य," मी म्हणाले.

नऊ वर्षं आमच्यात महिन्यातून एकदा एवढंच बोलणं व्हायचं. बाई घेवड्याला पट्टी लावून उंची घ्यायच्या, पानं मोजायच्या आणि शेवटी हा प्रश्न. मग दोघींच्या सह्या. त्या प्रयोगशाळेच्या, मी कारखान्याची माळीण. कारखाना रंगांचा. यंत्रं धुतलेलं पाणी टाक्यांमधून गाळून, निवळून ओढ्यात सोडतात. त्या पाण्याने कशाचं काही बिघडत नाही हे दिसावं म्हणून फाटकाजवळ हा वाफा केलेला. चाळीस रोपं आणि त्यांना तेच पाणी. पाणी दिसायला अगदी चांगलं. त्यात विष असलंच तर नखभर, कागदावरच्या मर्यादेच्या आत.

माझे वडील रोपवाटिका चालवायचे. गिऱ्हाइकाला वाफ्यात भोक दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. सकाळी फाटक उघडायच्या आत मी आणि दादा ट्रे घेऊन फिरायचो. वाळलेलं रोप उपटायचं, तिथे ताजं लावायचं, माती दाबायची. मेलेलं रोप दाखवणारा माळी म्हणजे उष्टं ताट वाढणारी सुगरण, असं बाबा म्हणायचे.

त्यामुळे कारखान्यात पहिल्याच महिन्यात चाळीसातली सहा रोपं माना टाकून बसली, तेव्हा मी हाताला ठाऊक होतं ते केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. तेव्हापासून दर पेरणीला घरी परसातही त्याच बियांचा, त्याच तारखेला एक ट्रे लावायचा आणि नळाच्या पाण्यावर वाढवायचा. दर सोमवारी पिशवीतून रोपं न्यायची आणि कुणी यायच्या आत बदलायची. साहेब जाता-येता म्हणायचे, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे हं." मी दिवसभर फुशारून असायची. पाणी वाईट असेल तर मरून दाखवायलाच त्या रोपांना तिथे ठेवलं होतं, हे मला कुणी समजावलं नाही.

बाबांच्या मागे रोपवाटिका दादा चालवतो. ती त्याच ओढ्याच्या पाण्यावर, खालच्या अंगाला आहे. तीन वर्षं त्याची रोपं बिघडत होती. एकदम मरत नव्हती, तसं झालं असतं तर निदान बोंब तरी मारता आली असती. पहिले पंधरा दिवस उलट जास्तच तरारायची. मग वाढ थांबायची, फूल आलं तरी गळून जायचं. गिऱ्हाइकं रोपं परत आणून द्यायची. मी दादाला सांगायची, बियाणं बदल, माती बदल. मला खरंच कळलं नव्हतं का, हे आता आठवायला गेलं तर नीट आठवत नाही.

मोजणीनंतरच्या रविवारी त्याच्याकडे गेले. त्याने एक रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. वर वीतभर हिरवंगार, आणि मूळ जेमतेम पेराएवढं.

"आता हे वाच," म्हणून त्याने एक सरकारी पत्र पुढे केलं.

पाण्याबद्दलची त्याची तक्रार फेटाळली होती. कारखान्याच्या चाचणी वाफ्यात त्याच पाण्यावर नऊ वर्षांत एकही रोप मेलेलं नाही, असं लिहिलं होतं. पुढच्या मोजणीत फरक आढळला तर फेरविचार करू.

"वन्सं, तुम्ही दगडाला हात लावलात तरी पालवी फुटते," वहिनी म्हणाली. "आमच्याच हाताला काय रोग झालाय?" ती नेहमी अशी चेष्टा करते, पण आज हसली नाही.

"तुझ्या वाफ्याला तेच पाणी ना गं?" दादाने विचारलं.

"तेच."

"मग तुझी कशी जगतात?"

"जगत नाहीत. मी बदलते."

वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दर महिन्याला?"

"दर सोमवारी."

"किती?"

"दोन, चार. कधी सहा."

दादाने माझ्या हातावरचं रोप उचललं, परत मातीत लावलं आणि अंगठ्याने माती दाबली. ते जगणार नव्हतं.

"बाबांनी शिकवलं तेच केलंस," तो म्हणाला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. घरी गेले, परसातल्या ट्रेला पाणी घातलं, भांडी घासली.

पुढचे चार सोमवार मी हात आवरला. मोजणीच्या दिवशी बाई आल्या आणि वाफ्याशी पट्टी हातात धरून उभ्या राहिल्या.

"मेलेली रोपं?" या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"सतरा."

"पाणी घालायला विसरलात का, मावशी?"

"रोज घातलं. ती दर महिन्याला मरतात. नऊ वर्षं मी बदलत होते."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांचा आवाज खाली आला होता. "तुमचं खरं मानलं तर माझ्या एकशे आठ मोजण्या खोट्या. सगळ्यांवर माझी सही आहे. तुमचीही."

"माझीही," मी म्हणाले. "खालच्या अंगाला माझा भाऊ आहे, बाई."

 त्यांनी टोपण काढलं, लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. शेऱ्यात होतं, 'माळिणीची हयगय. पाणी वेळेवर दिले नाही.'

मी सही केली नाही. बाईंनी तीही नोंद केली आणि त्या गेल्या.

मी दादाला फोन लावला. फेरविचार होणार नाही, असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याच्यामागे रिकामे ट्रे एकात एक रचल्याचा आवाज येत होता.

पिशवीत वीस चांगली रोपं होती. सवयीने आणली होती मी. तेवढ्यात साहेब फाटकातून आत आले आणि थबकले.

"अहो बाई, वाफ्यात भोकं दिसतायत. भरून टाका की."

"दिसू देत," मी म्हणाले, आणि वाफ्यात त्याच पाण्याची नळी सोडली.