सपाट माप

मास्तरांचं त्या दिवशी कशातच लक्ष लागत नव्हतं. शिलाई मशीनवर बसत, चार टाके घालत, की लगेच उठून साहेबांच्या पोटाला हात लावून बघत. साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. चालणं असं संथ आणि भारदस्त की समोरच्याने उठून उभंच राहावं, म्हणून हे नाव. आता त्या पोटात एक गाठ होती आणि ती वाढत होती.

डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं, "गाठ काढता येईल, पण एवढ्या चरबीवर भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी वजन उतरवा." साहेबांचं आज आहे ते नव्हे, तर असायला हवं ते वजन धरून त्यांनी खाणं ठरवलं आणि एक प्लास्टिकचं माप हातात ठेवलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. वर काही नाही.

मास्तरांनी बिस्किटं बंद केली, दुधाची साय बंद केली. तरी वजनकाटा ढिम्म हलेना. मग त्यांचं डोकं फिरलं.

"तूच चोरून घालतेस त्याला," ते बायकोवर घसरले.

"मी? सगळ्या गल्लीवर संशय घेऊन झाला, आता माझ्यावर आलात होय!" ती उसळली. "उचला ते माप आणि चला दवाखान्यात. बाईंसमोरच काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

बाईंनी खाण्याची पिशवी पुढे सरकवली. "रोज भरता तसं भरा बघू."

मास्तरांनी माप भरलं, तळहाताने सपाट केलं, वाडग्यात ओतलं. मग पिशवीतून एक मूठ घेऊन वर टाकली आणि हात झटकले.

"हे काय?"

"कुठे काय? एक माप."

"आणि ती मूठ?"

मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी मापाएवढंच कापड कधी कापलं नव्हतं. शिवणीला, पुढेमागे उसवून सैल करायला थोडं जास्तीचं सोडायचंच, आणि ते मापात धरायचं नसतं. हाताला विचारावंही लागत नाही.

"थोडं सोडावं लागतं ना," ते पुटपुटले.

"कपड्याला हो! तो काय आता वाढत्या अंगाचा आहे?" बायको हसायला गेली आणि पदराने डोळे पुसू लागली.

बाईंनी तेवढीच मूठ काढून तोलली. दोन्ही वेळची मिळून जवळजवळ एक जेवण होत होतं. "अजून तीन आठवडे थांबू," त्या म्हणाल्या. "त्यापुढे गाठ थांबणार नाही."

संध्याकाळी मास्तरांनी माप भरलं, सपाट केलं, ओतलं. हात पुन्हा पिशवीकडे निघाला, तो त्यांनी काखेत दाबून धरला. साहेबांनी वाडगं चाटूनपुसून लख्ख केलं आणि वर बघितलं. अजून यायचं होतं ना! मास्तर उठले, दारापर्यंत गेले, परत आले. त्या डोळ्यांकडे त्यांना बघवेना आणि तिथून हलवेना. गुडघ्यावर पंजा पडला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेब त्यांच्यावर गुरगुरले.

मास्तर खाली बसले. 

"गुरगुरा, साहेब," ते म्हणाले. "चावलात तरी चालेल. पण राहा."