लोकर पेटत नसते

धाराशिवला बायपासलगत उत्कर्ष नावाच्या एका तरुणाचं गाड्या सजवायचं दुकान आहे. त्यानं आमच्या यांना सांगितलं होतं, "शिवराजभाऊ, काम येतं म्हणणारे रोज येतात. तुमच्याच गाडीला तुमच्याच हातानं बनवलेला सायलेन्सर बसवा आणि मंगळवारी घेऊन या. मी आवाज ऐकतो, खाली वाकून बघतो. पटलं तर बुधवारपासून कामाला या."

हे म्हणजे माझे मालक. पोलीस भरतीचं वय टळून गेलेलं आणि दुसरीकडं कुणी उभं करत नव्हतं. घरी मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मेंढ्या होत्या, त्याही आता मूठभर. माळावर पवनचक्क्या आल्या, तारेची कुंपणं पडली, चारायला जागाच उरली नाही. मामा मला म्हणायचे, "पोरी, माझं मेंढरामागं गेलं ते गेलं. शिवराजचं तसं नगं व्हायला." त्यामुळं ते दुकान सोडून आमच्यापुढं काहीच नव्हतं. मी येरमाळ्याच्या येडाईदेवीचे मंगळवार धरते, रोज तिच्या नावाचं पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घेत नाही. पण इतके दिवस मी तिच्याकडं नेमकं असं काही मागितलं नव्हतं. आता मागायला लागले.

आमची जुनी चारचाकी गाडी लिंबाखाली दगडांवर चढवली. पाईप वाकवायचा तर त्यात कोरडी वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर तो वाकताना चेपतो. वाळू ओली राहिली तर तापल्यावर वाफ कोंडते आणि पाईपच्या तोंडाला ठोकलेलं बूच उडतं. म्हणून मांजरेकाठची वाळू मी चाळली आणि फुटाणे भाजावेत तशी कढईत भाजून दिली. गावातल्या सिदूकडून वेल्डिंगचं मशीन आणलं. लाईट असेल तेवढाच वेळ काम व्हायचं.

मामा पहिल्यांदा लांबूनच बघायचे. बापलेकांत बोलणं तसं कमीच. पण यांनी पहिल्यांदा गाडी सुरू केली आणि मामा तोंड वाकडं करून जवळ आले.

"हे डबडं वाजतंय का गाडी?"

"आबा, आजून आतली जाळी बसवायचीय."

"बसीव. आन् आवाज फाटू दिऊ नगंस. ढोल कसा पोटातनं घुमतो? तसा निघाया पायजे."

जत्रेत धनगरांच्या गजी नाचाला मामांनी आयुष्यभर ढोल वाजवलेला. त्यांचा कान खोटा ठरायचा नाही. मग रोज दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की मामा येऊन उकिडवे बसायचे, हे सायलेन्सरचा डबा कापायचे, आत जाळी घालायचे, पुन्हा जोडायचे. "न्हाय." "आजून न्हाय." असं चालायचं. एके दिवशी मामा नुसते हसले आणि मांडीवर बोटं वाजवायला लागले. यांनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. तोंड काळंभोर, दात तेवढे पांढरे. मला वाटलं, हे दोघं असे बसलेले मी लग्न होऊन आल्यापासून पाहिले नव्हते.

मग एक अडचण निघाली. रस्त्यावरच्या दगडांना आणि गतिरोधकांना पाईप घासू नये म्हणून यांनी तो वर घेतला होता, गाडीच्या तळाला जवळजवळ चिकटवून. मधला बचावाचा पत्रा तर केव्हाच गंजून गळून पडलेला. गावाला फेरी मारून आले तर मागच्या सीटवाल्याचे तळपाय भाजायला लागले. अशा पाईपला गुंडाळायची एक पट्टी मिळते, ती पुण्याहून मागवली होती. सोमवार आला तरी पट्टी आली नाही.

"उद्या न्हाय जमायचं," हे म्हणाले. "त्याला फोन करून पुढची तारीख मागतो."

"तारीख मागणाऱ्याला कोण ठिवतंय?" मामा उठले. खुंटीवरची घोंगडी काढून आणली आणि यांच्यापुढं टाकली. "ही गुंडाळ. लोकर पेटत नसती."

"आबा, तुमची घोंगडी?"

"मग? ती पांघरून म्या कुणाच्या वरातीला निघालोय?"

त्यांनी घोंगडीचा एक कोपरा कातरला आणि चुलीतल्या निखाऱ्यावर धरला. लोकर आक्रसली, काळी पडली, बाजूला घेतल्यावर आपोआप विझली. आम्ही तिघांनीही डोळ्यांनी पाहिलं. मेंढ्या कातरायच्या कातरीनं मामांनीच घोंगडीच्या पट्ट्या केल्या, यांनी त्या पाईपवर तारेनं आवळल्या. गावात फेरी मारली. पाय गार होते.

मंगळवारी सकाळी निघालो. येरमाळ्याला येडाईपुढं नारळ फोडायचा म्हणून मामांबरोबर मीही गाडीत होते. दर्शन करून गाडीजवळ आलो तर फुलवाली नाकाला पदर लावून उभी.

"कुणाचं केस जळायलेत व्हो?"

"जावळं काढतेत ना इथं," मामा म्हणाले. "कुणीतरी जाळलं असंल."

हे मात्र वाकले. मीही वाकले. पाईपवरची लोकर काळी पडली होती आणि तिच्यातून बारीक धूर निघत होता.

"काळीच पडती ती," मामा वरून म्हणाले. "आपुन बगितलं न्हवं? पेटत न्हाय."

यांनी एकदा मामांकडं पाहिलं. तिथंच सगळं ओरबाडून फेकता आलं असतं. ते उठले, हात झटकले आणि गाडी सुरू केली. मीही आत जाऊन बसले.

दुकानापुढं गाडी थांबली तेव्हा उत्कर्ष बाहेर आला. "बंद करू नका, चालू राहू द्या," म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. "जरा वाढवा. बास. वा! भाऊ, हा आवाज तुम्ही घरी काढलात?"

मामांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. मी पदराखाली हात जोडले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक ओरडलं, "ओ उत्कर्षशेठ, बोकड भाजायचं पण सुरू केलं का दुकानात?"

उत्कर्ष वाकला आणि झटकन मागं सरला. "बंद करा! गाडी बंद करा!"

लोकरीनं जाळ धरला नव्हता. पण इंजिनाचं तेल ठिबकून तिच्यात मुरलं होतं आणि ती आतून धुमसत होती. कामगारानं आग विझवायचा लाल नळकांडं आणून पांढरी पूड मारली. सगळीकडं जळक्या केसांचा वास. कुणी नाक धरून हसत होतं, कुणी मोबाईल काढून उभं.

"काय गुंडाळलंय हे?"

"घोंगडी," हे म्हणाले.

"कुणाचं डोकं?"

"माझंच."

"खोटं बोलतंय त्ये," मामा पुढं झाले. "म्या दिली. म्या सांगितलं लोकर पेटत नसती. त्याचा काय दोष न्हाय, मालक."

आपल्या नातवाच्या वयाच्या माणसाला मामांनी मालक म्हटलं. उत्कर्ष हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मग तर अजून अवघड झालं." आणि यांच्याकडं वळला. "वेल्डिंग चांगलं आहे, आवाज तर फारच चांगला. पण चुकतंय हे तुम्हाला कळत होतं ना?"

यांनी मान डोलावली.

"कळत असून घरच्यांपुढं गप्प बसलात. उद्या गिऱ्हाईक काहीतरी वेडंवाकडं सांगेल, तिथंही गप्प बसाल. त्याच्या गाडीत पोरंबाळं असतात, भाऊ."

"परत एकदा बघता का? पट्टी आली की लावून आणतो."

"नंबर आहे माझ्याकडं. बघू," म्हणून तो दुसऱ्या गाडीकडं गेला.

यांनी तिथंच रस्त्याच्या कडेला निजून तारा तोडल्या, जळकी लोकर काढली. परतीला येडशी सुटेपर्यंत तळ तापला. मामा पाय वर घेऊन सीटवर उकिडवे बसले. गाडीत नुसता तो आवाज घुमत राहिला. रस्त्यावरची पोरं वळून बघत होती.

संध्याकाळी मामा जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "पोरी, त्याला तू तरी म्हणायचं हुतं, बापाचं ऐकू नगं म्हनून." मी ताट झाकून ठेवलं.

सकाळी मी पाणी घालून वळले तर हे मेंढवाड्याचं काट्यांचं झोपाट उघडून मेंढ्या बाहेर काढत होते.

"कुठं निघालास?" मामांनी विचारलं.

"तुमच्यासंगं."

"फोन ईल की त्याचा."

"आला तर येईन परत."

रोज एकाची बांधायची ती भाकरी मी दोघांची बांधली. मामा आत्ता परत फिर म्हणतील, मग म्हणतील, म्हणून मी दारातच थांबले. ओढ्यापर्यंत दोघं एकामागोमाग गेले, मेंढ्या उतरल्या, तेही उतरले. मामांनी त्यांना परत फिरवलं नाही.