ओरेस्तेची लेक तिसरी खिंड चढली तेव्हा

दमलात? टेका जरा त्या कठड्याला. तुमच्या चाकाखालून बोलतोय तो मीच, वाल्मेरा गावातून निघून तीन खिंडी ओलांडून पुन्हा गावात येणारा रस्ता. नव्वद किलोमीटर माझी लांबी, आणि त्यात धड सपाट असं चार हातही सापडायचं नाही.

माझा जन्म तोफांसाठी झाला. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी छिन्नी-हातोड्यांनी कडे फोडून मला वर चढवलं. युद्ध संपलं, तोफा गेल्या, मी रिकामा पडलो. मग एका उन्हाळ्यात दोन सुतार सायकली घेऊन आले, शिव्या देत चढले आणि गात उतरले. तेव्हापासून मी सायकलवाल्यांचा झालो.

चढावर माणूस डोंगर बघत नाही. मान खाली घालून पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता बघतो. म्हणून माणसांचे चेहरे मला जितके पाठ आहेत तितके त्यांच्या आयांनाही नसतील.

त्यातला एक चेहरा डेल्फिनाचा.

तिचे वडील ओरेस्ते माझी देखभाल करायचे. तिसऱ्या खिंडीवर झाड नाही, झुडूप नाही. गाव तिला 'बोडकी' म्हणतं. तिथल्या लाल सरकारी घरात ते राहायचे. दरड पडली की दगड उचलायचे, बर्फ उपसायचे, माझे खड्डे भरायचे. बायको लवकर गेली. डेल्फिना गावातल्या चीजच्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी सायकलवरून अकरा किलोमीटर खाली जायची आणि संध्याकाळी, पाठीवर पाव न् पोलेंटा घाटायला मक्याचं पीठ घेऊन, तेवढंच वर चढायची. सहा वर्षं! तिचा श्वास ऐकून मला कळायचं, आज कारखान्यात कुणी बोललंय की नाही.

जुलैमध्ये गावाची तीन खिंडींची शर्यत असायची. पुरुषांनी सायकली हाणायच्या आणि बायकांनी रुमाल हलवायचे, अशी रीत. ती वीस वर्षांची झाली त्या साली नाव द्यायला गेली. शर्यतीचे प्रमुख होते औषधांच्या दुकानाचे मालक गाएतानो. ते हसून म्हणाले, "पोरी, रुमाल धुऊन आण."

शर्यतीच्या दिवशी शेवटचा गडी सुटला आणि पाच मिनिटांनी डेल्फिना निघाली. अंगात बापाचा सदरा, छातीवर नंबर नाही.

पहिल्या खिंडीवर ती कुणालाच दिसली नाही. दुसरीवर तिने सहाजणांना मागे टाकलं. बोडकीच्या चढावर नेव्हिओ खाटीक सायकल ढकलत चालला होता. तो ओरडला, "अगं, चुलीवरचा पोलेंटा सोडून इकडं कुठं?"

"तुमचा करपला वाटतं नेव्हिओकाका, म्हणून पायी निघालात!"

खाटीक इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

पण गाएतानोंची मोटार तिच्या आधी खिंडीवर पोचली होती. ओरेस्ते तिथं लाल निशाण आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन उभे होते. उतारावर घामेजल्या छातीला वारा झोंबतो, म्हणून सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र कोंबतात. ते देण्याचं काम त्यांचं.

"ओरेस्ते, ती आली की निशाण दाखव आणि अडव," गाएतानो म्हणाले. "सरकारी घरात राहतोस, विसरू नकोस. वरती माझी ओळख आहे."

वळणावरून डेल्फिना आली. ओठ निळे, गुडघा रक्ताळलेला. खाली कुठंतरी पडली असावी. बापाच्या हातातलं निशाण पाहून तिचा पाय थांबला. तिथं माझा चढ फार उभा आहे. एकदा थांबलेलं चाक पुन्हा फिरत नाही.

ओरेस्तेंनी निशाण गुंडाळून कठड्यावर ठेवलं.

"मी दगड अडवतो, साहेब. माणसं अडवायचा पगार मला मिळत नाही."

आणि पळत जाऊन त्यांनी लेकीच्या पाठीला हात लावून तिला वर ढकललं. माथ्यावर गळ्याजवळून वर्तमानपत्र आत सारलं.

"बाबा, घर जाईल आपलं!"

"ते मी बघतो. तिसऱ्या वळणावर खडी आहे, ब्रेक जपून मार. जा!"

ती गेली. गावात पोचली तेव्हा तिच्या मागे अकरा पुरुष होते. निकालात तिचं नाव लागलं नाही.

महिन्याभरात ओरेस्तेंची बदली झाली, दूर सपाट मुलुखात, कालव्याकाठच्या रस्त्यावर. निघताना ते पहाटे उठून माझी गटारं साफ करून गेले. त्यांच्यानंतर पुष्कळजणांनी माझी डागडुजी केली. तसा हात पुन्हा लागला नाही. तिकडे धुक्यात त्यांची छाती बिघडली आणि चौथ्या हिवाळ्यात ते गेले. डेल्फिना गावातच राहिली, कारखान्याच्या माळ्यावर. सातव्या वर्षी बायकांना शर्यत खुली झाली, तेव्हा नाव द्यायला पहिली तीच उभी होती. त्या दिवशी बोडकीच्या माथ्यावर ती उतरली, लाल घराच्या बंद दाराकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली, आणि तिच्यापुढे दोघी निघून गेल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

आता डोंगराच्या पोटातून बोगदा झालाय. मोटारी तिकडून जातात. माझ्या भेगांत गवत उगवलंय, कठडे ढासळतायत. शर्यतही बंद पडली. गेल्या फेब्रुवारीत गावच्या चर्चची घंटा वाजली. किती वेळ वाजते त्यावरून कळलं, कुणीतरी म्हातारं गेलं. कोण, ते सांगायला वर कुणी आलं नाही. पण उन्हाळा सरला तरी दर वर्षी बोडकीवर येणारी डेल्फिना आली नाही, तेव्हा मी समजलो.

तुम्ही येता, हे बरं आहे. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर माझा चढ मोजता, मला हसू येतं. मोजा खुशाल. एवढंच मागणं आहे: माथ्यावर पोचलात की लगेच उतरू नका. मागं वळून बघा. खालच्या वळणावर कुणीतरी अजून चढत असेल, त्याची वाट बघा.