खुंटातली ऐरण

बांद्याच्या लोहारानं, लवू मेस्त्रीनं, साफ सांगितलं होतं, "सत्यवाना, स्वतःची ऐरण कर, मगे तुका कोयते घडवूक दितंय." कोयत्यांचं काम मिळालं की एकाच घरात राहणाऱ्या माझ्या चुलत्याच्या, दाजीकाकाच्या, शेतात फुकट राबणं संपणार होतं.

विकतची ऐरण मला कुठली? हायवेवर उलटलेल्या ट्रकचा मोडका एक्सल आणला. टोकाला थाळीसारखी जाड चकती. चकती वर, दांडा खाली, झाली ऐरण. फक्त ती हलता कामा नये. मी शहाणा! सुटा ओंडका सोडून अंगणातल्या तोडलेल्या फणसाच्या खुंटाला भोक पाडलं. मुळं जमिनीत, हलणार कशाला? दांडा घणानं आत ठोकला. पावसात लाकूड फुगलं. लोखंडाला असं आवळून बसलं की पहार वाकली, पण एक्सल निघेना.

पाऊस सरल्यावर भट्टी पेटवली तेव्हा दाजीकाका बाहेर आला.

"अंगण सामायिक. खुंट सामायिक. कोणाक इचारून ठोकलंस रे?"

"काका, खुंट कुजत होतो."

"कुजांदे. मुंबयचो भिकाजी पण वाटेकरी, तो पुढच्या चवथीक येतलो. त्याका इचारूया." असं म्हणून तो चकतीवर बसला आणि पान लावू लागला.

"उठा काका. लोखंड थंड होता."

"होंदे. तुझा लोखंड, माझा बूड."

त्यानंतर रोज तेच. माझ्या भात्याचा आवाज आला की हा येऊन बसायचा. सांडशीत लाल झालेलं लोखंड काळं पडायचं. मग मी नांगर धरायचा, त्याचाच.

"तुमी काय चवथीपर्यंत सांडशी धरून रवतल्यात?" बायको, सुगंधा, एकदा कडाडली. "जाळा तो खुंट!"

"एक्सलाचा पाणी उतरात. मऊ पडात."

"तुमच्यापेक्षा मऊ?"

काका बाजाराला गेला तसे भट्टीतले निखारे खुंटाभोवती रचले. चकती तापू नये म्हणून तिच्यावर ओला चिखल थापला. तो वाळून तडकला, गळून पडला. चकती लाल झालेली मी बघत राहिलो. आग विझवली नाही.

काका परतला तेव्हा खुंट जळून कोसळला होता. तो आत गेला आणि टोपली घेऊन आला.

"अर्धे कोळसे माझे."

"न्या."

निवलेला एक्सल मी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे, काकाचा वाटा नसलेल्या सरकारी रस्त्याच्या कडेला पुरला. पहिला घाव घातला. चकती खणखणली नाही. तिच्यात खड्डा पडला.

"मऊ झालो मा?" काका गडग्यावरून हसला.

मी दुसरा घाव घातला. तोही खड्डाच.