पंधराशेची कवळी

सुमनबाईंच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, आणि त्या बोळक्यावर घरातली चार माणसे जगत होती. यात तिखटमीठ काही नाही. मुलगा अश्वजीत शहरातल्याच गोरखपूर बाजारातल्या एका कूलर-फ्रिजच्या दुकानात तेरा हजारांवर होता, ते दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडले. तेव्हा सून मोनाने गढा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, गॅसच्या शेगडीसमोर मोबाईल उभा केला आणि थोडक्या पैशात संसार कसा करावा हे जगाला हिंदीतून शिकवायला सुरुवात केली. पहिले तीन महिने तिचे व्हिडिओ तिच्या माहेरचे लोक तेवढे पाहत. मग एके दिवशी ती भाताची पेज मोरीत ओतत असताना सासू मागून आली.

"काहून फेकून राहिली व? वरणात टाक. अर्धी वाटी डाळ वाचते."

एवढे बोलून सुमनबाई आपल्याच शहाणपणावर खुदकन हसल्या. ते हसू सहा लाख लोकांनी पाहिले.

त्या दिवसापासून मोना कॅमेऱ्यासमोर सासूला अम्मा म्हणू लागली. एरवी ती आई म्हणे, तेही काम असले तर.

सांगण्यासारखे सुमनबाईंकडे पोतेभर होते. नवरा सुखराम, आता हयात नाही, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. एक दिवस काम तर दोन दिवस बिडी ओढत बसणे. त्यात तीन लेकरे आणि एक सासू. भाजी सकाळी घेऊ नका, बाजार उठताना घ्या, तेव्हा परत नेण्यापेक्षा देऊन टाकलेली भाजीवालीला परवडते. कुकरची दुसरी शिट्टी झाली की गॅस बंद, उरलेले काम वाफ करते. तेल बाटलीतून ओतायचे नाही, चमच्याने घ्यायचे, हाताला धाक राहतो. पोरांना आधी भात वाढायचा, पोळी मागून. सुमनबाई आपल्या बोलीत सांगत, मोना खाली हिंदीत लिही, आणि भोपाळपासून पाटण्यापर्यंतच्या बाया ते वहीत उतरवून घेत.

एकदा त्यांनी बोलता बोलता सांगितले, "म्हाताऱ्या माणसाले रात्री जेवण काहून पाहिजे? मी माह्या सासूले पेजेत मीठ टाकून देत होती. तरी सात वर्षं जगली." या व्हिडिओला लोकांनी लाल बदाम पाठवले. ती सासू पेज पिऊन काय म्हणत असे हे कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर सुमनबाईंनाही ते आता आठवत नव्हते.

पैसा आला. दुसऱ्या खोलीत एसी लागला, दारात स्कूटी उभी राहिली, नात अवंती इंग्रजी शाळेत जाऊ लागली. स्वयंपाकघर मात्र होते तसेच ठेवले. भिंतीचे पोपडे मोना कोणाला खरवडू देत नव्हती. नवा फ्रिज शूटिंगच्या वेळी जुन्या चादरीखाली जाई, आणि सुमनबाईंना नेसायला दंडाजवळ ठिगळ असलेली एकच साडी काढून दिली जाई. कपाटात चार धड साड्या असताना बाई ठिगळ लावून बसत आणि काटकसर शिकवत. लोकांना गरिबी पाहायची होती, ती दाखवायला घरात आता ऐपत आली होती.

सुमनबाईंना याचे काही वाटत नसे. त्यांना हवी होती एकच गोष्ट, आणि ती या घरात नव्हती, विहारात होती.

गढ्याच्या त्या छोट्या विहारात बुद्धपौर्णिमेला वंदना कोणी सांगायची, तर सुमनबाईंनी. सलग बावीस वर्षे. त्या पुढे म्हणत आणि सारी वस्ती त्यांच्या मागून म्हणे. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण पालीचा एक शब्द तोंडातून मोडका निघत नसे. ज्या बाईचे घरी नवरा ऐकत नव्हता आणि बाहेर मजुरीवर मुकादम, तिचा शब्द वर्षातून एकदा तीनशे माणसे हात जोडून उचलत. मग दात गेले. त बसेना, स नुसता वाऱ्यासारखा सुटू लागला, पोरे तोंड दाबून हसू लागली. तीन वर्षांपूर्वी विहाराचे सचिव भाऊराव यांनी माईक बेबीताईंच्या हातात दिला. बेबीताई वंदना म्हणत नाहीत, उरकतात, असे सुमनबाईंचे मत होते आणि ते त्यांनी वस्तीत घरोघर सांगून ठेवले होते.

भाऊराव मात्र सरळ बोलले होते. "सुमनबाई, दात बसवून घ्या. ज्या वर्षी बसवाल, त्या वर्षी माईक तुमचा."

तेव्हापासून त्या मुलाच्या मागे लागल्या होत्या. गोरखपुरातल्या दाताच्या डॉक्टरने नऊ हजार सांगितले. पाच खेपा घालाव्या लागतील, म्हणाला. अश्वजीत दर वेळी म्हणे, "करू ना आई, अगले महिने पक्कं." असे बरेच अगले महिने गेले. मधल्या काळात त्याने चाळीस हजारांचा फोन घेतला.

खरे कारण शेवटी मोनाने सांगितले. ती नवऱ्यासारखी गुळमुळीत नव्हती.

"आई, तुम्ही समजून घ्या. लोक माह्यासाठी नाही येत, तुमच्या बोळक्यासाठी येतात. आता एक मसालेवाली कंपनी लागली आहे मागे. त्यांनी साफ सांगितलं, अम्मा की वही हँसी चाहिए. दात बसवले तर तुम्ही कोणाच्याही सासूसारख्या दिसान."

 दुसऱ्या दिवशी सुमनबाई ठिगळाची साडी नेसून वेळेवर येऊन बसल्या, कांद्याच्या पातीची भाजी सांगितली, आणि हसल्या नाहीत. मोना म्हणाली, अम्मा, हँसो ना. अम्मा आधार कार्डावरच्या फोटोसारख्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी तेच. अश्वजीतने विनोद सांगितले, नातीला समोर नाचवले. बाईंच्या ओठाची कड हलली नाही. पंधरा दिवस असे गेले आणि कंपनीवाल्याचा दोनदा फोन आला. सोळाव्या दिवशी मोना म्हणाली, "चला, बसवू दात. पण शूटिंगमध्ये काढून ठेवायचे." आपण जिंकलो असे सुमनबाईंना वाटले. आयुष्यात फार वेळा जिंकलेल्या नसल्यामुळे ही जीत नव्हे हे त्यांना ओळखता आले नाही, एवढेच.

मोनाने त्यांना गोरखपुरात नेले नाही, कमानिया गेटमागच्या एका गल्लीत नेले. तिथे कपड्याच्या दुकानावरच्या खोलीत एक माणूस एका बैठकीत माप घेऊन चौथ्या दिवशी कवळी हातात ठेवी. मोनाचा मोबाईल अर्थातच चालू होता. 'नौ हज़ार के दाँत, अम्मा के बजट में', असे व्हिडिओचे नाव तिने रस्त्यातच ठरवले होते. त्या माणसाने अठराशे सांगितले.

 तेवढे द्यायला मोना तयार होती. पण चाळीस वर्षे बाजार उठताना भाजी घेतलेल्या बाईला पहिला सांगितलेला भाव देणे म्हणजे पाप. सुमनबाई उठून जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा उठल्या. शेवटी तो पंधराशेवर आला.

"पर अम्मा, इतने में बाद की घिसाई-फिटिंग नहीं होगी," तो म्हणाला. "जैसे बैठे, वैसे बैठे."

"चलेगा," सुमनबाई म्हणाल्या. तीनशे वाचले म्हणून त्या कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसल्या, आणि मोनाला हवे होते ते हसू पंधरा दिवसांनी फुकटात मिळाले.

कवळी जशी बसली तशी बसली. खालची जिभेने दाबून धरावी लागे आणि वरची बोलण्याच्या भरात हलकी होई. सुमनबाई पहाटे गच्चीवर जाऊन सराव करू लागल्या. सावकाश म्हटले, तोंड फार उघडले नाही, तर दात जागचे हलत नव्हते. तीन आठवड्यांत हिरड्या सोलून निघाल्या. त्यांनी लवंगेचे तेल लावले आणि कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर मोनाने त्याचाही व्हिडिओ केला असता. भाऊराव शब्दाला जागले. बेबीताईंना त्यांनी स्वतः जाऊन कळवले की यंदा सुमनबाई.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार गच्च भरला होता. मे महिन्याचे ऊन, चार पंखे, दाराशी खिरीचे पातेले. सुमनबाई पांढरीशुभ्र नवी साडी नेसून पुढे बसल्या. बेबीताईंनी माईक त्यांच्यासमोर आणून ठेवला आणि शेजारीच बसून राहिल्या. मोना खांबाला टेकून मोबाईल धरून उभी होती.

त्रिसरण झाले. एक एक शब्द धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, आणि तीनशे माणसांनी तो उचलला. म्हाताऱ्या बायांनी डोळे मिटून घेतले. सुमनबाईंच्या अंगावर काटा आला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपण कोणीतरी आहोत असे वाटले, आणि त्या आनंदात त्या तोंड जपायचे विसरल्या. पंचशीलाला त्यांनी आवाज मोकळा सोडला, पूर्वी सोडत तसा. दुसऱ्या शीलाच्या मध्यावर वरची कवळी निसटली, माईकवर आदळली आणि मूर्तीपुढच्या पांढऱ्या कापडावर मेणबत्त्यांमध्ये जाऊन पडली. ते आदळणे कर्ण्यातून बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेले.

 आधी एक पोरगे हसले, मग त्याची आई, आणि मग कोणालाच आवरेना. चांगली माणसे होती, त्यांना नंतर वाईट वाटले असणार. सुमनबाई गुडघ्यांवर सरकत पुढे गेल्या, कवळी उचलली, पदरात गुंडाळली. तोवर बेबीताईंनी माईक आपल्याकडे ओढून घेतला होता. जिथे शब्द तुटला होता त्याच्या पुढच्या शब्दापासून त्यांनी सुरुवात केली, आणि वस्ती त्यांच्या मागून म्हणू लागली.

घरी आल्यावर सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. मोनाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. संध्याकाळी अश्वजीत उशाशी येऊन बसला. त्याच्या हातात फोन होता.

"आई, नऊ लाख लोकांनी पाहिलं. अजून वाढूनच राहिलं."

तो हसत नव्हता. हसला असता तर एक वेळ चालले असते. तो खूश होता, आणि आईही खूश होईल अशा भाबड्या आशेने बघत होता. सुमनबाईंना या पोराची शिसारी आली. पोटच्या पोराची शिसारी आल्यावर काय करायचे असते, ते त्यांना माहीत नव्हते. त्या उठून बसल्या आणि पाणी प्यायल्या.

चार दिवसांनी मसालेवाल्यांचा फोन आला. त्यांना जाहिरात हवी होती. अम्मा कालवणाचा घास घेते, तिखट लागते, अम्मा हसते आणि दात ताटात पडतात. पैसे वर्षभर एसी चालेल इतके होते. मोनाने स्पष्ट विचारले, अश्वजीतने पाय धरले. "एकदाच, आई. यानंतर गोरखपुरातले बसवून देतो, नऊ हजारवाले. अगल्या पौर्णिमेले तूच म्हणशील वंदना."

सुमनबाईंनी त्याच्याकडे पाहिले. भाऊरावांचा निरोप आदल्याच दिवशी येऊन गेला होता. पुढल्या वर्षीपासून वंदना बेबीताईच सांगतील, तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवू, असा. तो निरोप अश्वजीतनेच दारात घेतला होता.

"साडी कोणती नेसू?" सुमनबाईंनी विचारले.

"तीच," मोना म्हणाली.

पहिल्यांदा दात मांडीवर पडले, ते चित्रात आले नाही. दुसऱ्यांदा घास घेण्याआधीच पडले. तिसऱ्यांदा मोनाने ताट थोडे पुढे सरकवले, सुमनबाईंनी जीभ ढिली सोडली, आणि कवळी बरोबर कालवणात पडली.

"वाह अम्मा," मोना मोबाईलमागून म्हणाली. "अब हँसो."

सुमनबाई हसल्या.