फक्त तुमच्या टेबलाला

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत घड्या घालणाऱ्या चाळीस बायका. दोघींना मिळून एक टेबल. आणि सगळ्यांच्या वतीने बोलणारी एकच, वकीलबाई. कोर्टाची पायरी ती जन्मात चढली नव्हती, पण युनियनतर्फे दर वर्षी पगारवाढीसाठी साहेबांशी भांडून भांडून नाव पडलं होतं.

मग सरकारनेच किमान वेतन वाढवलं, तिने मागितलं असतं त्याहून जास्त! आनंदाच्या भरात तिनेच सगळ्यांना चहा पाजला. "आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, बायांनो!"

बायांनी ते फारच मनावर घेतलं. युनियनची मान्यता टिकवायला दर वर्षी निम्म्याहून जास्त सह्या लागत. यंदा कागद घेऊन ती फिरली, तर जी ती कामात बुडालेली.

"पगार तर सरकार वाढवतंय. वर्गणी कशाला?"

"अगं, तासाला किती चादरी, ते साहेब ठरवतात. सरकार नाही."

"मग तुम्ही आहातच की भांडायला!"

"कागद नसला तर मी कोण गं? साहेबांची मावशी?"

हसल्या सगळ्या. तिच्याच टेबलावर चादरीचं दुसरं टोक धरणारी धाकटी जाऊसुद्धा म्हणाली, "जाऊबाई, पुढच्या महिन्यात करते हं."

सह्या एकोणीस झाल्या. दोन कमी पडल्या.

पंधरा दिवसांत फळ्यावर आकडा आला: तासाला साठऐवजी ऐंशी चादरी. वाढीव पगार कुठूनतरी वसूल व्हायचाच होता. आठवडाभरात मनगटं भरून आली, तशी सगळ्यांना वकीलबाई आठवली. "जा ना हो, बोला ना!"

ती गेली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली; हे नवीनच.

"युनियन तर आता नाही," ते अगदी मायेने म्हणाले. "तुमचं स्वतःचं सांगा."

ती सगळ्यांचं सांगू लागली. त्यांनी हात वर केला. "तुमचं, बाई."

रात्रभर मनगट शेकत बसलेली जाऊ तिच्या डोळ्यांपुढे आली. तेवढंच तिने सांगितलं.

साहेबांनी लिहून घेतलं. "ठीक. उद्यापासून सत्तर. फक्त तुमच्या टेबलाला."

नको म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते "बरं."

बाहेर सगळ्यांचे हात थांबले होते. "काय म्हणाले हो?"

"बघतो म्हणाले," ती म्हणाली. उद्या सकाळी फळ्यावर काय लिहिलेलं असेल, ते एकट्या तिलाच ठाऊक होतं.