भावाच्या हातचं औषध

सिआलेची गर्भपिशवी काढली त्या दिवशी तिच्या उशाशी मीच होते. मी तिची आत्या. आमच्या तोंगा बेटांवर आत्याचा शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही, म्हणून घरच्यांनी मलाच बसवलं. चार वेळा दिवस गेले, एकही बाळ टिकलं नाही, वर रक्त थांबेना. शेवटी डॉक्टरांनी काढूनच टाकली. पोरीने डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही.

जखमेत बारीक नळी ठेवली होती. तिच्यातून जागा बधिर करायचं औषध सोडलं की दुखणं थांबायचं. पण ते जास्त गेलं तर हृदय बंद पडतं, म्हणून भूल देणाऱ्यानेच द्यायचं. सकाळी भूल देणारा डॉक्टर एका अत्यवस्थ पेशंटला घेऊन विमानाने राजधानीला गेला. उरला कोण? मोलेनी. त्याच्या हाताखाली भूल द्यायला शिकलेला, सिआलेचा सख्खा भाऊ.

झाली ना पंचाईत! वयात आल्यावर आमच्याकडे भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. अंगाच्या गोष्टी तर एकमेकांच्या कानावरही जाऊ देत नाहीत. आणि इथे जखम बेंबीखाली! मोलेनी ट्रे घेऊन पडद्याबाहेर उभा, मान खाली. आत सिआले तळमळत होती, पण भावाला ऐकू जाईल म्हणून चादरीचा बोळा दातांत धरलेला. माझा जीव नुसता तुटत होता.

"अगं, येऊ दे त्याला," मी म्हटलं.

"नको आत्या. मेले तरी चालेल."

"माझ्या डोळ्यांदेखत मरतेस होय गं?" मी पडद्याकडे वळले. "मोलेनी, ये आत. पाहुण्यासारखा काय उभा राहिलायस?"

"मला नाही जमणार, आत्या."

"तुला विचारतंय कोण? मी सांगतेय. पाप लागलं तर माझ्या माथी."

तो आला. मी सिआलेचं तोंड कुशीत घेतलं आणि चादर अशी धरली की नळीचं टोक तेवढं बाहेर राहिलं. त्याने औषध सोडलं. हात स्थिर होता, पण मानेवरून घाम ओघळत होता. औषध दिल्यावर थोडा वेळ थांबावं लागतं, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हळूहळू तिचं अंग सैल पडलं. आणि दुखणं थांबल्यावर पोरगी रडायला लागली. मोठ्याने, भावासमोर.

मोलेनी घाबरला. "आत्या, औषध लागलं नाही का?"

"लागलंय रे बाबा."

मग त्याला कळलं. बहिणीची पोरं म्हणजे आमच्याकडे मामाची मालक. मामाच्या घरात शिरतात, आवडेल ते उचलतात, डुकरंसुद्धा सोडून नेतात, आणि मामा दारात उभा राहून हसतो. सिआले त्याची एकुलती एक बहीण.

त्याने ट्रे उचलला. दाराशी थांबून बोलला माझ्याशीच, पण तिला ऐकू जाईल असं. "आत्या, आता माझं घर कोण लुटणार गं?"